वाण्याची वही आणि ५६.८ टक्के

‘कामगार कुटुंबं वाणसामानात पैसे कसे वाचवत होती’ असा विषय संशोधन प्रस्तावात लिहिलात, तर मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला आहे: यात इतिहास कुठे आहे? आणि दुसरा: साधनं काय? पेटची तयारी करणारे बरेच जण या दुसऱ्या प्रश्नाला घाबरून विषयच बदलतात. खरं तर साधनं आहेत, भरपूर आहेत. अडचण असते ती वाचण्याची. म्हणून आज एकच साधन घेऊ या आणि ते कुठपर्यंत बोलतं, कुठे गप्प बसतं ते पाहू.

साधन म्हणजे मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं १९२३ साली छापलेला मुंबईतल्या कामगारांच्या घरखर्चाचा अहवाल. लेखक जी. फिंडले शिरास. १९२१-२२ मध्ये २,४७३ कुटुंबांचे आणि एकट्या राहणाऱ्या ६०३ पुरुषांचे जमाखर्च त्यासाठी गोळा केले. ही उठाठेव कशासाठी? पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर धान्य-कपडा महागला, १९१९ आणि १९२० मध्ये गिरण्यांत मोठे संप झाले, आणि मजुरी महागाईच्या मानानं पुरते की नाही हा वाद सरकारच्या दारात आला. म्हणजे हा तक्ता मजुरीच्या भांडणातून जन्मलेला आहे. गृहिणीनं पैसा कसा वाचवला हे शोधायला कुणी बाहेर पडलं नव्हतं. साधन हातात घेतल्यावर ही गोष्ट आधी वहीत लिहून ठेवा.

आता आकडे. कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपयांहून थोडं जास्त. खर्चाच्या दर १०० रुपयांतले ५६.८ अन्नावर, ७.४ सरपण-दिवाबत्तीवर, ९.६ कपड्यांवर, ७.७ खोलीभाड्यावर आणि उरलेले १८.५ ‘संकीर्ण’. एर्न्स्ट एंगेलनं १८५७ मध्ये मांडलेला नियम तुम्ही वाचला असेलच: उत्पन्न जितकं कमी, तितका अन्नावरचा वाटा मोठा. तो इथे चपखल बसतो. अहवालातला सगळ्यात गाजलेला निष्कर्ष वेगळाच आहे. कामगाराच्या पोटात जाणारं तृणधान्य दुष्काळ संहितेनं ठरवलेल्या कमाल प्रमाणाइतकं होतं, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीतल्या कैद्याच्या शिध्यापेक्षा कमी! सरकारी अहवालानं स्वतःच हे लिहावं, हे विशेष.

खर्चाचा निम्म्याहून मोठा भाग अन्नाचा असेल तर बचतीलाही वाव तिथेच, असं कुणालाही वाटेल. त्या काळच्या सुधारकांना तसंच वाटत होतं: उधारी सोडा, रोखीनं घ्या, एकदम घ्या, दारूवर उडवू नका. सल्ला चुकीचा होता असं नाही. पण तो कुणाला लागू पडत होता, ते पगाराच्या तारखेवरून कळतं.

मुंबईच्या गिरण्यांत पगार बहुधा महिन्याचा असे आणि तो पुढच्या महिन्याच्या मध्याच्या आसपास हातात पडे. एक तारखेला कामावर लागलेल्या माणसाला पहिला पगार दिसायला साधारण सहा आठवडे लागत. या सहा आठवड्यांत चूल कशावर पेटणार? वाण्याच्या उधारीवर. पगार झाला की आधी मागचं खातं फेडायचं, म्हणजे रोख पुन्हा संपली, म्हणजे पुन्हा उधारी. एकदा या चाकात पाय अडकला की ‘एकदम घ्या, स्वस्त पडेल’ हा सल्ला ऐकायला छान, करायला अशक्य.

त्याची किंमत किती? समजा, रोखीनं एक रुपयाला मिळणारा तांदूळ उधारीवर सतरा आण्यांना पडला. फरक एका आण्याचा. पण तो एका महिन्याच्या उधारीसाठी आहे. रुपयाला दरमहा आणा म्हणजे वर्षाला बारा आणे, म्हणजे ७५ टक्के व्याज. शिरासच्या अहवालात ४७ टक्के कुटुंबं कर्जात दिसतात आणि रोख कर्जासाठी हा दर त्या काळी काही आगळा नव्हता. सावकाराचं व्याज निदान ‘संकीर्ण’मध्ये तरी सापडतं. वाण्याचं व्याज वेगळं लिहिलेलं असेलच असं नाही. ते भावात, मापात, कधी तांदळातल्या खड्यांत मुरलेलं असतं. म्हणजेच ते त्या ५६.८ मध्ये ‘अन्न’ म्हणून बसलेलं असू शकतं. आपण अन्नखर्च म्हणून जो आकडा टिपून घेतो, त्यात थोडं व्याजही आहे. माझ्या मते या तक्त्यात वाचण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि ती तक्त्यात लिहिलेली नाही.

मग स्वस्त पर्याय नव्हतेच का? होते. काही गिरण्यांनी कामगारांसाठी स्वस्त धान्याची दुकानं काढली. माल उधार, पैसे पगारातून कापून. सहकारी भांडारांची कल्पनाही आली होती. १९०४ चा सहकारी कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता, १९१२ च्या कायद्यानं इतर संस्थांनाही वाट मोकळी केली. पण भांडारांचा आदर्श इंग्लंडमधल्या रॉचडेलचा, १८४४ चा: शुद्ध माल, नेमकं माप आणि विक्री रोखीनंच. रोख असेल त्याच्यासाठी उत्तम! नायगावात पुढे १९४८ मध्ये सुरू झालेल्या अपना बाजारचा अभ्यास करणार असाल, तर तिथे रोखीनं माल घेणं कुणाला परवडत होतं हा प्रश्न आधी विचारा.

गिरणीच्या दुकानाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सहा महिने पगार नाही. अनेकजण गावी गेले; जे राहिले त्यांना जगवण्यात वाण्याच्या उधारीचा मोठा हात होता. राजनारायण चंदावरकरांनी गिरणगावातल्या या उधारीच्या नात्यांबद्दल विस्तारानं लिहिलंय, ते जरूर वाचा. आता त्या चढ्या भावाकडे पुन्हा पाहा. आणा जास्त देऊन वाण्याचं खातं चालू ठेवणं हा एका अर्थी विमा होता. मालकाच्या दुकानातून घेतलेलं धान्य आणा-दोन आणे वाचवेल, पण संपात ते दुकान कुणाच्या बाजूनं उभं राहणार? कामगार महाग का घेत होता याचं उत्तर ‘अडाणी होता म्हणून’ असं देणारे लेख तुम्हाला भेटतील. तिथे समासात प्रश्नचिन्ह काढा.

एक बाजू अजून राहते, घराच्या आतली. भाजी उतरत्या बाजारात संध्याकाळी घेणं, आमटी पातळ करणं, स्वतः शेवटी जेवणं ही बचत बाईच्या हातची. अशा तक्त्यांत मात्र स्त्री आणि मुलं ‘प्रौढ पुरुषा’च्या अपूर्णांकात मोजून सरासरी काढण्याची पद्धत आहे, प्रत्यक्ष ताटात कुणाला किती पडलं ते त्यात दिसत नाही. तसंच रत्नागिरीहून बोटीनं आलेल्या घरच्या तांदळाच्या पोत्याचं. ते मोजलं का, आणि कुठल्या भावानं, हे प्रत्येक अहवालाच्या पद्धतीच्या प्रकरणात तपासायचं. बरेच विद्यार्थी नेमकं तेच प्रकरण गाळून थेट तक्त्यांवर उडी मारतात.

पुढचं साधन हवं असेल तर व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या मजूर आयोगाच्या साक्षी काढा. त्याचा अहवाल १९३१ चा. त्यात कर्ज आणि पगाराची तारीख हे विषय येतात. नंतर १९३६ चा पगार-वाटप कायदा पाहा. महिना संपल्यावर सातव्या, मोठ्या कारखान्यांत दहाव्या दिवसाच्या आत पगार द्यायचा, असं त्यानं ठरवलं. मध्यावर होणारा पगार काही दिवस अलीकडे आला. पगाराची मुदत जास्तीत जास्त एक महिना असावी, हेही त्यात होतं. म्हणजे महिन्याचा पगार महिन्याचाच राहिला, आणि वाण्याची वहीही.