मॉन्टेरेच्या किनाऱ्यावरील समुद्री पाणमांजरे

समुद्री पाणमांजराच्या त्वचेखाली सीलसारखा चरबीचा थर नसतो; थंड पाण्यात ते तगते ते दाट केसांत कोंडलेल्या हवेमुळे, आणि हीच फर त्याच्या जिवावर उठली. १७४१ च्या बेरिंग मोहिमेतून वाचलेल्या खलाशांनी ही कातडी रशियात नेल्यानंतर अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत बेसुमार शिकार झाली व चीनच्या कँटन बंदरात या कातडीला मोठी किंमत येऊ लागली. १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने शिकारीला आळा बसला, तेव्हा कॅलिफोर्नियात हा प्राणी संपल्यात जमा होता. १९३८ मध्ये मात्र बिग सरच्या दुर्गम किनाऱ्यालगत सुमारे ५० पाणमांजरांचा कळप लोकांच्या नजरेस आला. मॉन्टेरे उपसागरात आज केल्प, म्हणजे तळापासून पृष्ठभागापर्यंत वाढणारे शेवाळ, अंगाभोवती गुंडाळून उताणी झोपलेली पाणमांजरे याच मूठभर जिवांची प्रजा होत. रोज वजनाच्या जवळपास चतुर्थांश अन्न मिळवणाऱ्या या प्राण्याला मोडलेली झोप फार महाग पडते. त्यामुळे १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने त्याला त्रास देणे गुन्हा ठरवले, ते योग्यच झाले. कयाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, किमान १८ मीटर दूर ठेवून संथपणे बाजूने न्यावी, आणि पाणमांजराने मान उचलून पाहिले तर लगेच मागे सरावे, असा तेथील दंडक आहे.