कोयना विभंग

कोयना विभंग हा सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील, कोयना धरणाच्या परिसरातून दक्षिणेकडे वारणा खोऱ्यापर्यंत जाणारा भूकंपप्रवण भंगपट्टा असून तो पुणे शहराच्या दक्षिणेस सरळ अंतराने सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. भूकवचातील खडक तुटून भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या सापेक्ष सरकतात, तेव्हा त्या भेगेला विभंग किंवा प्रस्तरभंग म्हणतात. हिमालयात एक बाजू दुसरीच्या अंगावर चढते. कोयनेत मात्र मुख्य हालचाल आडवी, म्हणजे जवळजवळ उभ्या भेगेच्या कडेने डावीकडे सरकण्याची आहे.

महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना नदी सह्याद्रीला समांतर अशी दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकजवळ एकाएकी काटकोनात पूर्वेकडे वळते. या वळणामागे खडकांतील जुन्या कमकुवत रेषा असाव्यात, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. या वळणाजवळच बांधलेल्या 103 मीटर उंचीच्या धरणामागे शिवसागर जलाशय पसरला आहे. त्याच्या काठावर दिसणारा काळा कातळ म्हणजे दक्षिण ट्रॅपचा बेसाल्ट, म्हणजेच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. हा कातळ म्हणजे केवळ पांघरूण आहे. विभंगाचे मूळ त्याखालच्या ग्रॅनाइट व पट्टिताश्माच्या प्राचीन खडकांत आहे; गोठणे येथील तीन किलोमीटर खोल वेधनात हे खडक सुमारे 1,247 मीटर खोलीवर लागले आणि दोहोंच्या मधे गाळाच्या खडकांचा थर आढळला नाही.

धरणात 1962 च्या सुमारास पाणी साठू लागताच लहान धक्के जाणवू लागले आणि खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन शालेने परिसरात भूकंपमापक यंत्रे बसवली. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी 6.3 महत्तेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि धक्का पुणे-मुंबईपर्यंत जाणवला. त्या वेळी जमिनीवर उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य दिशेने भेगांची मालिका उमटली. त्या एका सलग रेषेत नव्हत्या, तर तुटक आणि एकीपुढे दुसरी किंचित बाजूला सरकलेली अशा होत्या. खोलवरच्या आडव्या सरकण्याने वरची जमीन पिळवटली जाते, तेव्हा भेगांची अशी रचना होते. कोयना विभंगाचे उघड्यावर दिसलेले रूप एवढेच, पण जमिनीखाली काय घडले याची ती सर्वांत बोलकी खूण ठरली.

जलाशयाचे पाणी फटींतून झिरपून खोलवरच्या भेगांमधील दाब वाढवते आणि आधीच ताणाखाली असलेले खडक सरकणे त्यामुळे सुलभ होते, असे या भूकंपांचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. ताण मात्र पाण्याने निर्माण केलेला नसतो, तो भूकवचातच असतो. पावसाळ्यानंतर जलाशय भरला की धक्क्यांची संख्या वाढते, ही बाब या स्पष्टीकरणाला पुष्टी देते. दक्षिणेकडील वारणा जलाशय 1985 च्या सुमारास भरू लागल्यावर भूकंपांचे क्षेत्रही तिकडे सरकले. दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित आहे हा जुना समज 1967 च्या घटनेने मोडला, आणि 1970 च्या भूकंपक्षेत्र नकाशात कोयना परिसराचा समावेश चौथ्या क्षेत्रात करण्यात आला.