दोन काळांची कादंबरी आणि मालेगावचे दप्तर

आजची एखादी विदुषी जुन्या कागदांत राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतील दुसऱ्या स्त्रीची पत्रे शोधून काढते आणि ती वाचता वाचता स्वतःच्याच आयुष्याचा अर्थ लावू लागते, अशा घाटाच्या इंग्रजी कादंबऱ्यांत १९९० साली बुकर पारितोषिक मिळालेली ए. एस. बायट यांची ‘पझेशन’ मला सर्वांत व्युत्पन्न वाटते. परंतु मालेगावात बसून ती वाचणाऱ्यास शंका येते की, जिथे स्त्रीच्या हातचा कागदच उरला नाही तिथे कादंबरीकाराने कशाचा आधार घ्यावा?

दप्तर नाही असे नव्हे. नारोशंकर राजेबहाद्दरांनी मोसमकाठी बांधलेला भुईकोट, त्यातील अरब शिबंदीने इंग्रजांशी दिलेली झुंज आणि जून १८१८ मधील शरणागती, हे सारे तपशीलवार लिहिलेले आहे. (खुद्द व्हिक्टोरियाचा जन्म त्यानंतर वर्षभराच्या आतला!) पुढे १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडून मोमीन विणकरांची कुटुंबे आली आणि गावाला हातमागाचा उद्यम लाभला. त्या घरांतून सूत उकलणारी, कांड्या भरणारी जी स्त्री, तीच मालेगावची खरी व्हिक्टोरियन नायिका. पण तिच्या हातून गेलेले सूत लुगडे होऊन कुणीतरी नेसले आणि ते फाटून गेले. पत्र जपून ठेवता येते, लुगडे वापरातच संपते.

मग त्या मुलखात लिहिती स्त्री कोण? निफाडला जन्मलेल्या माधवराव रानड्यांची १८७८ त नाशिकास व पुढील साली धुळ्यास बदली झाली. या दोन गावांना जोडणाऱ्या आग्रा रस्त्यावरच मालेगाव आहे, आणि त्या दिवसांची हकीकत त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत आहे. वासुदेव बळवंतांच्या बंडाने सरकार साशंक झाले होते, आणि धुळ्यास रानड्यांची टपाल फोडून पाहिली जाई. कादंबरीत जे काम शंभर वर्षांनी नायिका हळुवार हातांनी करते, ते येथे सरकारी अंमलदारांनी तत्काळ उरकले!

माधवराव जानेवारी १९०१ मध्ये निवर्तले आणि त्याच महिन्यात राणीही गेली. रमाबाईंचे पुस्तक १९१० साली निघाले. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या, घरच्या बायकांचा रोष सोसून शिकलेल्या या बाईने त्यात स्वतःला जागोजागी मागे ठेवून पतीलाच पुढे केले आहे, आणि म्हणून तिचे आयुष्य हुडकणाऱ्या आजच्या वाचकास ते त्यांच्या चरित्रातूनच वेचावे लागते.