उशिरां जुळलेली जूट

दोन शेजाऱ्यांत युद्ध जुंपलें म्हणजे तिसऱ्यापुढें प्रश्न पडतो : अलिप्त राहावें, कीं एकाचा पक्ष धरावा ? १९१४ सालीं इटलीनें प्रथम तटस्थ राहून, दोन्ही पक्षांशीं बोलणीं चालवून, १९१५ च्या मे महिन्यांत दोस्तांची बाजू घेतली. त्याच्या शंभर वर्षें आधीं मराठी दौलतींपुढें हाच प्रश्न दोनदां आला होता. त्या कहाणीचा एक अखेरचा प्रसंग आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत घडला.

१८०३ सालीं दौलतराव शिंदे व नागपूरकर दुसरे रघूजी भोसले इंग्रजांविरुद्ध एक झाले. यशवंतराव होळकर मात्र दूर राहिले. शिंद्यांच्या फौजेनें त्यांचे बंधु मल्हारराव यांस १७९७ सालीं ठार केलें होतें. तें वैर विसरणें सोपें नव्हतें. असई व अडगांव येथें शिंदे-भोसल्यांचा मोड झाला. १७ डिसेंबरच्या देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलें व निजामाकडे आलें. पुढें १८०४ सालीं होळकरांनीं शस्त्र उपसलें, तेव्हां शिंदे व भोसले तह करून बसले होते.

१८१७ सालीं तेंच पुन्हां घडलें. ५ नोव्हेंबरला पेशवे बाजीराव खडकीस लढले. त्याच दिवशीं शिंद्यांनीं ग्वाल्हेरास इंग्रजांशीं तह केला. नागपूरकर आप्पासाहेबांनीं १८१६ मध्यें तैनाती फौज पत्करली होती. तेही पेशव्यांस मिळाले, पण सीताबर्डीची लढाई झाली ती २६ नोव्हेंबरला. होळकरांची फौज महिदपुरास लढली २१ डिसेंबरला. इंग्रजांस एका वेळीं एकाचाच समाचार घ्यावा लागला !

१८१८ च्या वसंतांत बाजीराव नागपूरकरांच्या आशेनें वर्धेच्या रोखानें आले. पण आप्पासाहेब मार्चमध्येंच कैद झाले होते. १७ एप्रिलला पांढरकवड्यानजीक शिवणी येथें कर्नल ॲडम्सनें पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि ३ जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले.

यांत कोणासही केवळ भेकड ठरविणें न्यायाचें नाहीं. प्रत्येकाजवळ आपापलें सबळ कारण होतें. परंतु तटस्थ राहावयाचें तर त्यास बळ लागतें, आणि जूट करावयाची तर ती वेळेवर करावी लागते. आमच्या पूर्वजांपाशीं शौर्य उणें नव्हतें. उणा पडला तो एकाच दिवशीं एकत्र उभे राहण्याचा निश्चय.