रोखा, फेरफार, सातबारा

अहिल्यानगर जिल्ह्यात जमीन घेणाऱ्याला जाणती माणसे आधी कागद बघायला सांगतात. या सावधगिरीचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या कर्जरोख्यांत आहे.

इंग्रजी अमलात रयतवारी मोजणी झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, रोख सारा ठरला आणि सारा भरणाऱ्याला जमीन विकण्याची व गहाण टाकण्याची मोकळीक मिळाली. त्यामुळे सावकाराच्या हाती नवे तारण आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, तेव्हा कर्ज सहज मिळे; 1865 नंतर भाव कोसळले आणि वसुलीचा तगादा सुरू झाला. शेतकऱ्याने न वाचता अंगठा उठवलेल्या रोख्यावर दिवाणी न्यायालये हुकूमनामे देत आणि शेत सावकाराच्या नावावर चढे.

12 मे 1875 रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा पेटला. (हे सुपे पुणे जिल्ह्यातले, पारनेर तालुक्यातले नव्हे.) लवकरच तो पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या भागांत पसरला. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता: सावकाराकडून रोखे काढून घ्यायचे आणि जाळायचे. चौकशी आयोग बसला आणि 1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कायदा आला. न्यायालयाला रोख्यामागचा खरा हिशेब उकरून काढता येऊ लागला. दस्त नोंदवण्यासाठी गावपातळीवर निबंधक नेमले गेले. कागदावर खरेदी आणि व्यवहारात गहाण, हा सावकारी डाव मात्र लवकर संपला नाही.

हक्कनोंदणीचा कायदा 1903 मध्ये झाला आणि फेरफाराची, म्हणजे जमिनीवरचे हक्क बदलल्याची नोंद करण्याची, पद्धत रुजली. ही नोंद साऱ्यासाठी असते. तिने मालकी सिद्ध होत नाही. म्हणून नवख्या खरेदीदाराने निदान तीस वर्षांचे फेरफार आणि दुय्यम निबंधकाकडचे दस्त पडताळावेत. सातबाऱ्यावरचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यावरचा, ‘इतर हक्क’ हा रकाना तर सर्वांत आधी वाचावा. बोजा, कूळ, वारसाचा हक्क तिथेच सापडतो.

जिल्ह्याच्या उत्तरेकडे प्रश्न निराळा होता. भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आला आणि हरेगावसारख्या ठिकाणी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकऱ्यांना, म्हणजे जमीन खंडाने दिलेल्या मूळ शेतकऱ्यांना, त्या परत मिळेपर्यंत पुढच्या पिढ्या आल्या. तेव्हा या पट्ट्यात विकणाऱ्याकडे जमीन कोणत्या आदेशाने आली, हे विचारणे भागच आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी आणखी अटी घातल्या. 1947 च्या कायद्याने तुकडे पाडण्याला आळा घातला, तर 1948 च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी कुळे कायद्याने खरेदीदार ठरली. अशा जमिनीचे 32-म प्रमाणपत्र, म्हणजे कुळाच्या खरेदीचा दाखला, पाहावे. भोगवटादार वर्ग 2 असा शेरा असल्यास विक्रीवर शासनाची बंधने असतात. ती पाळल्याचा लेखी पुरावा हातात आल्याशिवाय इसार देऊ नये.

अहिल्यानगर शहराजवळ आणि शिर्डीच्या आसपास गुंठ्यांनी प्लॉट विकण्याचा धंदा नव्या गुंतवणूकदाराला हेरतो. अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन आणि मोजणीचा नकाशा, तिन्ही मागावेत. 500 चौरस मीटरहून मोठ्या भूखंड प्रकल्पाला 2017 पासून महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते आणि ती संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येते.