शाळेची वाट

कळंब म्हटलं की लोकांना आधी धाराशिवचं कळंब आठवतं, नाहीतर यवतमाळचं. आमचं कळंब इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरच्या शेजारचं. मागच्या हिवाळ्यात तिथे गेलो होतो, तेव्हा सकाळी भाचीला शाळेत सोडायचं काम माझ्याकडे आलं. अंतर जेमतेम एक किलोमीटर, तरी मोटारसायकलच काढली. फाटकापाशी पोचलो तर दुचाक्यांची ही गर्दी, मधे दोन-तीन जीप, आणि मागून दोन ट्रेलर ओढत उसाचा ट्रॅक्टर. बहुतेकांची इंजिनं चालूच. भाचीने सवयीने स्कार्फ नाकावर ओढला. म्हणाली, "मामा, हे रोजचंच आहे."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय, की हे 'रोजचं' झालं कधी?

शाळा लांब असणं आपल्याकडे नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडलं. गावात शाळा नाही, तर मुलालाच शाळेजवळ आणून ठेवायचं, असा तो साधा हिशोब. आमच्याकडे 1933-34 च्या सुमारास वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना उभा राहिला. त्याभोवती जी वसाहत वाढली, तिथे घर, कारखाना, शाळा, बाजार असं सगळं चालत किंवा सायकलवरून गाठता येण्यासारखं होतं. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि पुढे एसटीच्या पासावर कितीतरी खेड्यांतली पोरं हायस्कूलला जाऊ लागली. मुलींना तर अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत हा पास मोफत मिळतो. उरलेल्यांना सायकल होतीच. सीटवर पाय पुरायचे नाहीत तेव्हा नळीखालून पाय घालून चालवायची!

थोडक्यात काय, तर लांबच्या शाळेवर आपण तीन उपाय शोधले: वसतिगृह, एसटी आणि सायकल. यातल्या एकानेही शाळेच्या दारात धूर जमवला नाही.

मग 1985 मध्ये हीरो होंडाची सीडी 100 आली. थोड्या पेट्रोलात लांब जाणाऱ्या अशा गाड्या हळूहळू शेतकऱ्याच्या ओट्याशीही दिसू लागल्या. त्यात वाईट काहीच नाही. दवाखाना, बाजार, शेत, सगळं जवळ आलं. पण जवळची शाळाही आपण गाडीवरच घेतली. गंमत म्हणजे शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याखालचे नियम शाळेचं अंतर चालण्याच्या हिशोबाने धरतात. पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन. राज्याने 2011 मध्ये स्कूलबससाठी वेगळे नियम केले, तेही चांगलंच झालं. फक्त दाराशी जमणाऱ्या आपल्या खाजगी गाड्या त्यात येत नाहीत.

कुणी म्हणेल, आताच्या गाड्या स्वच्छ असतात. खरंय. शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं, एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 लागू झालं. पण धूर शुद्ध करणारं ते यंत्र तापल्याशिवाय नीट काम करत नाही. थंड गाडी काढून एक किलोमीटर जायचं आणि दारात इंजिन चालू ठेवून थांबायचं, म्हणजे त्या यंत्राचा फायदा निम्मा घालवायचा. शिवाय मुलांचं नाक सायलेन्सरच्या जास्त जवळ, आणि त्यांचा श्वासही मोठ्यांपेक्षा भरभर चालतो.

हॉलंडमध्ये 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले आणि आजच्या तिथल्या सायकलवाटांच्या मागे ते आंदोलनही आहे. इटलीतल्या बोल्झानो शहराने 1989 पासून शाळा भरताना आणि सुटताना शाळेसमोरचा रस्ता थोडा वेळ गाड्यांना बंद ठेवायला सुरुवात केली.

"ते तिकडे जमतं हो," असं म्हणायच्या आधी एक आठवा. दर आषाढी वारीत तुकोबांची पालखी आपल्या बारामती-इंदापुरातूनच जाते. तेव्हा गाड्या वळवल्या जातात, ट्रक थांबतात आणि कुणी कुरकुर करत नाही, कारण त्या दिवशी रस्ता चालणाऱ्यांचा असतो. मग शाळेपुढचा रस्ता सकाळी पंधरा मिनिटं आणि सुटताना पंधरा मिनिटं पोरांचा का असू नये?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चालत गेलो. भाची वाटभर बडबडत होती, ती गाडीवर बसली की गप्प असते. पण दोनदा तिला हाताला धरून कडेला ओढावं लागलं. एकदा उसाचा ट्रॅक्टर होता. दुसऱ्यांदा एक बाप होता, स्वतःच्या मुलाला शाळेत सोडायला घाईने निघालेला.

घरच्यांची भीती खोटी नाही. पण तिच्यापायी काढलेली प्रत्येक गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी घरची भीती वाढवते. आदल्या दिवशी त्या गर्दीत माझीही एक होती.