सोनं शोधणारं यंत्र आणि ‘काही सापडलं नाही’ हे वाक्य

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं, "या विषयावर साधनंच नाहीत." दुसरं, "यावर सगळं लिहून झालंय, आता काही उरलेलं नाही." कधीकधी ही वाक्यं खरीही असतात. पण ती प्रपोजलमध्ये लिहिण्याआधी मेटल डिटेक्टरचा इतिहास एकदा बघा. विषय वाटेपासून लांबचा वाटेल, पण थोडा धीर धरा.

सुरुवात एका अपयशापासून करू. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळीबार झाला. एक गोळी शरीरात राहिली आणि ती नेमकी कुठे आहे हे डॉक्टरांना कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला आले. तारेच्या वेटोळ्यांतून विद्युतप्रवाह सोडायचा, जवळ धातू आला की संतुलन बिघडतं आणि कानाला लावलेल्या रिसीव्हरमध्ये आवाज येतो, असं त्यांचं यंत्र होतं. यादवी युद्धातल्या ज्या सैनिकांच्या अंगात जुन्या गोळ्या होत्या, त्यांच्यावर ते तपासलं तेव्हा चाललं. अध्यक्षांवर मात्र चाललं नाही.

का? दोन कारणं सांगितली जातात. गादीत पोलादी तारा होत्या आणि त्यांचाच आवाज येत राहिला. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मुख्य डॉक्टर विलार्ड ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, त्यामुळे शोध उजव्या बाजूलाच झाला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली.

इथे क्षणभर थांबा. ‘काही सापडलं नाही’ या निष्कर्षात तीन गोष्टी मिसळल्या होत्या: यंत्राची क्षमता, आजूबाजूचा गोंगाट, आणि कुठे शोधायचं याबद्दल आधीच ठरलेलं मत. या तिन्ही वेगळ्या करता आल्या नाहीत, तर त्या निष्कर्षाला काही अर्थ उरत नाही.

पुढे गेऱ्हार्ड फिशर या जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याला विमानांच्या रेडिओ दिशादर्शक यंत्रणेवर काम करताना एक गोष्ट दिसली. धातूच्या वस्तू किंवा धातुकयुक्त खडक जवळ असले की मोजमाप चुकतं. इतरांसाठी ही निव्वळ डोकेदुखी होती, फिशरने तिचंच यंत्र केलं आणि १९३७ मध्ये पेटंट मिळवलं. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी यूझेफ कोसात्स्की यांनी तयार केलेला सुरुंगशोधक १९४२ च्या एल अलामीनच्या लढाईत वापरला गेला. युद्धानंतर हे तंत्र सामान्य माणसाच्या हातात आलं.

आता ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात जाऊ. तिथे १८५१ मध्ये सोन्याची झुंबड सुरू झाली. १८५७ मध्ये किंगोवर गावाजवळ ‘ब्लांश बार्कली’ नावाचा प्रचंड नगेट, म्हणजे नैसर्गिक सोन्याचा गोळा, निघाला. १८६९ मध्ये मोलियागुलला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना ‘वेलकम स्ट्रेंजर’ मिळाला. त्यातलं शुद्ध सोनं सुमारे ७२ किलो होतं आणि तो जमिनीखाली जेमतेम काही सेंटिमीटरवर पडलेला होता! मग लोक पांगले. ही जमीन उपसून झाली, इथे आता काही नाही, असं मानलं गेलं.

१९७१ नंतर सोन्याचा भाव डॉलरच्या बंधनातून सुटला. पूर्वी औंसाला ३५ डॉलर असणारा भाव जानेवारी १९८० मध्ये ८५० डॉलरपर्यंत गेला. लोक डिटेक्टर घेऊन त्याच जुन्या जमिनीवर परत आले. सप्टेंबर १९८० मध्ये केविन हिलियर यांना गॅरेट कंपनीच्या डिटेक्टरने त्याच किंगोवरजवळ सुमारे २७ किलोचा ‘हँड ऑफ फेथ’ सापडला. तो फार खोलही नव्हता. म्हणजे सव्वाशे वर्षं माणसं त्याच्यावरून चालत होती. ‘जमीन संपली’ हे वाक्य तोवर फक्त डोळे, कुदळ आणि चाळणी यांच्याबद्दल खरं होतं.

गोष्ट इथे संपत नाही. व्हिक्टोरियाची लाल माती लोहखनिजांनी भरलेली आहे. त्या काळातले डिटेक्टर मुख्यतः व्हीएलएफ पद्धतीचे, म्हणजे सतत एका वारंवारतेची लहर सोडणारे होते. अशा मातीत माती स्वतःच ओरडते, आणि सोन्याचा बारीक आवाज त्यात बुडून जातो. यावर उत्तर होतं पल्स इंडक्शन. विजेचा छोटा झटका द्यायचा, तो बंद करायचा आणि मग ऐकायचं. जमीन आणि धातू, दोघांचे प्रतिसाद वेगवेगळ्या वेगाने विरतात. ब्रूस कँडी यांच्या संशोधनावर उभ्या राहिलेल्या अॅडलेडच्या माइनलॅब कंपनीने १९९५ मध्ये एसडी २००० आणला. त्यात वेगवेगळ्या लांबीचे झटके वापरून जमिनीचा प्रतिसाद वजा केला जायचा. ज्या पट्ट्यांवर आधीचे डिटेक्टर फिरून गेले होते, तिथे पुन्हा सोनं निघालं. जमीन दुसऱ्यांदा ‘जिवंत’ झाली.

बरं, मग आज कोणी महागडा डिटेक्टर घ्यायचा म्हटलं तर काय बघावं? लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती खोल जातो?" हा प्रश्न फसवा आहे. कॉइलच्या आकारापेक्षा बरीच खोल असलेल्या लहान वस्तूचा सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने घटतो, कारण जाताना क्षेत्र घनाने कमी होतं आणि येतानाही. खोली दुप्पट झाली की सिग्नल चौसष्टावा हिस्सा! त्यामुळे किंमत दुप्पट म्हणून खोली दुप्पट होत नाही.

खरे प्रश्न दोन. तुमची जमीन कशी आहे? आणि तुम्हाला कोणत्या आकाराचं सोनं हवं आहे? माती शांत असेल आणि सोनं तांदळाच्या कणीएवढं असेल, तर जास्त वारंवारतेचा व्हीएलएफ चांगला. उदाहरणार्थ फिशरचा गोल्ड बग २, जो ७१ किलोहर्ट्झवर चालतो. लाल, लोहयुक्त जमिनीत पल्स इंडक्शन किंवा त्याच घराण्यातली पुढची यंत्रं लागतात. माइनलॅबचा जीपीझेड ७००० (२०१५) खोलवरच्या सोन्यासाठी नावाजला गेला, पण वजन तीन किलोच्या वर. जीपीएक्स ६००० (२०२१) हलका आणि बारीक सोन्याला तिखट. दिवसभर हात हलवायचा असेल तर हा एक किलोचा फरक लहान नाही. कॉइलचंही तसंच: मोठी कॉइल खोल बघते पण बारीक कण सोडते, लहान कॉइल उलट. सगळं बघणारी कॉइल अजून कोणी बनवलेली नाही.

वापरतानाची शिस्त यंत्राइतकीच महत्त्वाची. आधी ग्राउंड बॅलन्स करायचा, म्हणजे कॉइल जमिनीवर वरखाली करून यंत्राला त्या मातीची ओळख करून द्यायची, आणि माती बदलली की पुन्हा करायचा. हेडफोनमधल्या मंद, सलग गुणगुणीवर कान ठेवायचा. खोल सोनं ‘बीप’ करत नाही, ती गुणगुण फक्त किंचित हलते. कॉइल जमिनीलगत, सावकाश, आधीच्या फेरीवर थोडी चढवत फिरवायची. जुन्या खाणपट्ट्यात खिळे आणि बंदुकीच्या गोळ्या भरपूर, म्हणून लोखंड गाळणारी सेटिंग लावायचा मोह होतो. पण काही नगेट यंत्राला लोखंडासारखे वाटतात. म्हणून अनुभवी माणसं वैतागली तरी प्रत्येक सिग्नल खणतात आणि खड्डा बुजवतात.

आणि परवानगी. व्हिक्टोरियात आजही ‘मायनर्स राइट’ लागतो. १८५४ च्या युरेका बंडानंतर १८५५ मध्ये सुरू झालेला हा परवाना आता दहा वर्षांसाठी मिळतो. आपल्याकडे मात्र डिटेक्टर घेऊन एखाद्या किल्ल्यावर जाण्याचा विचारही करू नका. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. शिवाय इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे कायम लक्षात ठेवावं: नैसर्गिक नगेट कुठल्याही खिशात सोनंच राहतो, पण नाणं थरातून उपटलं की त्याने सांगायची निम्मी गोष्ट तिथेच मेली.

आता तुमच्या प्रपोजलकडे या. दफ्तरखाना तुमची जमीन आहे. लिपी, भाषा आणि कॅटलॉगमधले शोधशब्द हे तुमचे कॉइल. मोडी न वाचता ‘साधनं नाहीत’ म्हणणं म्हणजे लाल मातीत चुकीचा डिटेक्टर फिरवणं. ठरावीक शब्दच शोधणं म्हणजे लोखंडाची गाळणी लावून चालणं. आणि गाइडने सांगितलेल्या बाजूलाच बघत राहणं म्हणजे काय, ते गारफिल्डच्या गोष्टीत आलंच आहे.

म्हणून पुढच्या वेळी ‘सापडलं नाही’ असं लिहाल, तेव्हा त्याखाली तीन ओळी जोडा: कुठे शोधलं, कशाने शोधलं, आणि कोणता भाग राहिला. मुलाखतीत समिती पहिला प्रश्न तिथेच विचारते. आणि दहा वर्षांनी नवं साधन घेऊन येणाऱ्या संशोधकाला नेमकी कुठून सुरुवात करायची, हे तुमच्या त्या तीन ओळीच सांगतील.